बंदुकीला ज्वारीचा रंग

“हिरवा म्हणून काही रंग नसतो,” असं बाई म्हणायच्या. “हिरवा कशाचा, ते सांग.” पानाचा म्हटलं तर लगेच पुढचा प्रश्न, “कुठल्या पानाचा? विड्याच्या, शेवग्याच्या, का फ्रिजमध्ये चार दिवस पडलेल्या मेथीच्या?” मी पुण्याची असल्यामुळे मला वाद घालता येतो असा माझा समज होता. बाईंनी तो पहिल्या आठवड्यातच उतरवला.

त्यांच्याकडे रंगांना रंगांची नावंच नव्हती. शिळ्या वरणाचा. ओल्या गोणपाटाचा. करपलेल्या भाकरीचा. ही नावं त्यांनी दह्याच्या रिकाम्या डब्यांवर मराठीत लिहिलेली होती आणि ते डबे गॅरेजातल्या फळीवर ओळीने मांडले होते. टूवूंबाच्या आसपासचे शेतकरी त्या डब्यांतले रंग आपापल्या बंदुकांना लावायला यायचे. हो, बंदुकांना. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही अशीच बघत राहिले होते.

बाई माझ्या घरमालकीण. मी डोळे तपासते, लोकांच्या चष्म्यांचे नंबर काढते. रीजनल, म्हणजे मोठ्या शहरांबाहेरच्या, भागात राहिलं की पीआरला, म्हणजे कायमच्या रहिवासाला, पॉइंट्स जास्त मिळतात म्हणून मेलबर्नमधल्या क्लेटनची खोली सोडून इथे आले. घर लाकडी, खांबांवर उचललेलं, वर बाई आणि खाली मी. माझ्या दाराला लागून गॅरेज. पहिल्याच शनिवारी रंगाचा वास थेट माझ्या उशीपर्यंत आला, मी तणतणत बाहेर पडले, तर गॅरेजात एक सहा फुटी माणूस भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा चिमटीत धरून रायफलवर ठिपके देत होता. आणि त्याच्यासमोर दुधाच्या उलट्या क्रेटवर बसलेल्या, सलवारीवर नवऱ्याचा फुल शर्ट घातलेल्या बाई त्याला मराठीत ओरडत होत्या, “पुसू नको रे गाढवा! टिप. टिप, टिप, टिप!”

तो टिपत होता. मराठी त्याला कुठून कळणार, पण टिपत होता.

हा सगळा उद्योग सुरू कसा झाला ते शेजारचा बॅरी सांगायचा, आणि दर वेळी पहिल्यांदाच सांगतोय अशा उत्साहाने. बॅरी कुंपणं घालून देणारा कंत्राटदार. सुट्टीच्या दिवशी शेतकऱ्यांच्या रानात रानडुकरं मारायला जायचा. एकदा तो आपल्या ड्राइव्हवेत रायफल दोरीला टांगून तिला हार्डवेअरच्या दुकानातले दोन स्प्रे मारत होता, एक काळा आणि एक बाटलीसारखा हिरवा. बाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होत्या. आमटीला फोडणी द्यायची होती, पण बाईंच्याने राहवेना. गॅस बंद करून, हातातली पळी तशीच घेऊन त्या खाली उतरल्या आणि कुंपणाशी जाऊन म्हणाल्या, “धिस ग्रीन. व्हेअर इट इज ग्रोइंग?”

बॅरी म्हणाला, “इट्स कॅमो, लव्ह.” म्हणजे रानात बंदूक डोळ्यांत भरू नये म्हणून.

“नो, नो. व्हेअर इट इज ग्रोइंग? शो मी वन प्लांट.”

बॅरीने डब्याकडे पाहिलं, मग रस्त्यापलीकडच्या रिकाम्या प्लॉटकडे पाहिलं. तिथे सगळं गवत वाळलेलं. बाईंनी त्याला, तो जिथे दबा धरून बसतो तिथलं गवत आणि मूठभर माती घेऊन यायला पाठवलं. तो गेला आणि घेऊन आला. “पन्नास वर्षांचा बाप्या मी, आणि होमवर्क करून आलो,” असं तो सांगायचा आणि स्वतःच हसायचा. त्या दिवशी त्याच्या बंदुकीवर आमटीच्या रंगाचे ठिपके पडले. तेव्हापासून तो शब्द त्याच्या तोंडी बसला. “नीड्स अ बिट मोर आमटी,” असं तो नव्या माणसाला मोठ्या जाणकारीने सांगायचा.

बाईंचे नियम कडक. बंदूक मालकाने स्वतः आणायची, जिच्याशिवाय गोळी सुटत नाही ती बोल्टची दांडी काढून खिशात ठेवायची, रंग वाळला की बंदूक मालकाबरोबरच परत जायची. बाई तिला बोटसुद्धा लावायच्या नाहीत. लायसन्स नव्हतं हे एक, आणि दुसरं म्हणजे तीस वर्षं मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवलेली बाई दुसऱ्याचं चित्र स्वतः काढून देत नसते. आधी स्पिरिटने तेल पुसून काढायचं, दुर्बिणीची काच आणि नळीचं तोंड चिकटपट्टीने झाकायचं, मग मातकट रंगाचा एक हात, तो वाळला की स्पंजने ठिपके, आणि शेवटी त्याच रानातल्या गवताची काडी आडवी धरून तिच्यावरून हलका फवारा. चकाकी म्हणून कुठे दिसता कामा नये. “चकाकलं की संपलं,” बाई म्हणायच्या, आणि ते फक्त बंदुकीबद्दलच म्हणायच्या असं नाही. मी एकदा चमचमती ओढणी घेतली होती तेव्हाही म्हणाल्या.

प्रत्येक हात वाळेपर्यंत मालक अडकून पडायचा. मग आल्याचा चहा आणि चिवडा. एकेकटे राहणारे हे शेतकरी, तासाभराने बोलायला लागायचे. पाऊस, गुडघे, सोडून गेलेली बायको. बाई ऐकल्यासारखं करायच्या आणि अर्ध्यातच म्हणायच्या, “ओके ओके. नाऊ सेकंड कोट.” कुणाला त्याचं वाईट वाटल्याचं मी पाहिलं नाही. उलट बंदुकीचा रंग अजून शाबूत असलेली माणसंही वर्षाने परत यायची.

पण काम गॅरेजात संपायचं नाही. खरी परीक्षा रानात. बाई आपली छोटी पांढरी गाडी घेऊन चाळीस-पन्नास किलोमीटर त्या माणसाच्या शेतावर जायच्या. मालकाने बंदूक, अर्थात रिकामी, पिकाच्या कडेला कुठेतरी ठेवायची, तोवर बाईंनी पाठ करून उभं राहायचं. तो “राइट-ओ” म्हणाला की गर्रकन वळायचं. सापडली तर “पकडली!” म्हणून बोट रोखायचं, आणि नाही सापडली तर आनंदाने बाईंचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. गाडीची डिकी कायम गवताच्या पेंढ्यांनी भरलेली. एकदा पोलिसांनी तपासणीला थांबवलं तेव्हा बाईंनी त्यांनाही चार जातींचं गवत समजावून सांगितलं होतं.

एकदा न राहवून मी विचारलं, “बाई, तुम्ही अंड्याचा केकसुद्धा खात नाही. आणि यांना डुकरं मारायला मदत करता?”

बाई रंग घोटत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही. “आमचं सांगोल्याकडचं रान. वडील ज्वारी राखायला माळ्यावर बसायचे, हातात गोफण. एका वर्षी ताप होता म्हणून दोन दिवस गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी गेलो तर डुकरांनी निम्मं शिवार लोळवलेलं. आई त्या आडव्या ज्वारीत बसून रडत होती. ज्वारीत डुक्कर शिरलं की सकाळी काय दिसतं, ते तुला पुण्यात नाही कळायचं.”

खरंच नव्हतं कळत.

इकडे टूवूंबाच्या पश्चिमेला मैलोन्‌मैल काळी माती आहे, आणि तिच्यात ज्वारी. सोर्गम म्हणतात, गुरांना घालतात. बाईंचे यजमान मातीचे शास्त्रज्ञ. उतारवयात इथल्या युनीत, म्हणजे विद्यापीठात, आले ते या काळ्या मातीपायीच. त्यांना सगळे सर म्हणायचे, बाईसुद्धा. पहिल्या दिवशी सरांनी शेतात उतरून मुठीएवढं ढेकूळ बाईंच्या हातावर ठेवलं होतं आणि म्हणाले होते, “घ्या, आपलीच आहे.” सर जाऊन नऊ वर्षं झाली होती. बाई मात्र तिथेच राहिल्या.

मुलगा मेलबर्नला, ट्रुगानिनात. आयटीत. तिथे त्याने नवं घर बांधलेलं, आणि दर रविवारी फोनवर तेच. “आई, तुझी रूम रेडी आहे. अगं, एन-स्वीट आहे.”

“मला खोलीला जोडून संडास नको रे, खिडकीला जोडून शेत पाहिजे.”

“आई, बी प्रॅक्टिकल ना.” मग नातू फोन घ्यायचा आणि विचारायचा, “आजी, व्हेन आर यू कमिंग?” त्याला मात्र बाईंच्याने नाही म्हणवायचं नाही. “येते हं सोन्या,” म्हणायच्या आणि फोन ठेवल्यावर उगीचच ओटा पुसत बसायच्या.

फेब्रुवारीत बाईंची पंचाहत्तरी झाली. मुलगा, सून, नातू विमानाने आले, मी पुरणपोळ्या लाटायला होते. जेवणं झाली आणि मुलाने विषय काढला. पंचाहत्तरीनंतर इथे गाडी चालवायची तर डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं, आणि टूवूंबात गाडी नसेल तर माणूस घरात कोंडला गेला म्हणून समजावं. बस आहे म्हणायला. तो म्हणाला, “आई, डॉक्टरांनी सही नाही केली तर वाद न घालता माझ्याकडे यायचं. प्रॉमिस?”

“आणि केली तर?”

“तर मी परत विषय काढणार नाही.”

“बघ हं. ही साक्षीदार,” बाईंनी माझ्याकडे बोट केलं. मी हातातली पोळी घेऊन मान डोलावली. मला तेव्हा ती गंमत वाटली.

मार्चमध्ये डाल्बीच्या वाटेवरचा एक म्हातारा शेतकरी आला. त्याला बंदूक ज्वारीत लपायला हवी होती. बाईंनी ज्वारीचा रंग याआधी डझनभर लोकांना करून दिला होता, त्यामुळे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. मी कामावरून आले तेव्हा तो ठिपके देत होता. डब्यातला रंग मला जरा फिका वाटला. पण वाळल्यावर गडद होत असेल म्हणून मी बोलले नाही. बाईंना रंगातलं मी काय सांगणार!

शनिवारी आर्व्होला, म्हणजे दुपारी, आम्ही त्याच्या शेतावर गेलो. बाई, बॅरी आणि मी. इकडची ज्वारी कमरेइतकी बुटकी, आणि कणसं लालभडक, विटकरीच्याही पुढची. नजर जाईल तिथवर तो लाल रंग पसरलेला. बाई पाठ करून उभ्या राहिल्या. म्हातारा “राइट-ओ” म्हणाला. बाई वळल्या, आणि वळायची गरजच नव्हती. मला, बॅरीला, रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकवाल्यालासुद्धा दिसली असती. त्या लाल पिकाच्या कडेला ती बंदूक वाळत घातलेल्या धोतरासारखी पांढुरकी दिसत होती.

“पकडली” कुणी म्हणालं नाही. बॅरीने माझ्याकडे पाहिलं आणि टोपी काढून पुन्हा घातली. म्हातारा भला माणूस. चालतंय की, अशा सुरात तो म्हणाला, “शील बी राइट, लव्ह. पिग्ज आर हाफ ब्लाइंड एनीवे.”

बाई म्हणाल्या, “सॉरी. आय विल मेक अगेन.”

“नो, नो. लीव्ह इट. आय लाइक इट.”

परतताना बाई गाडी चालवत होत्या, नजर सरळ रस्त्यावर. एरवी रस्त्याकडेच्या प्रत्येक गवतावर व्याख्यान. मी त्यांच्या हातांकडे, रस्त्यातल्या पांढऱ्या पट्ट्यांकडे बघत बसले. लाल रंग दिसेनासा झालाय की काय? डोळे गेले तर गाडी गेली, आणि गाडी गेली तर बाई गेल्या. मग एकदम सुचलं, मोतीबिंदू! मोतीबिंदूने रंग बदलतात. आणि मोतीबिंदू काढता येतो, पंधरा मिनिटांचं काम. माझा जीव इतका भांड्यात पडला की मी बाईंना म्हणाले, “बाई, सोमवारी माझ्याकडे या. डोळे बघू.”

“बघ बाई,” त्या म्हणाल्या. त्यांनी कधी इतक्या मुकाट्याने माझं ऐकलं नव्हतं.

सर्टिफिकेट डॉक्टर देतो, पण डोळ्यांचा कागद आमच्याकडून जातो. सोमवारी बाई इस्त्रीची साडी नेसून आल्या. मी त्यांना यंत्रापुढे बसवलं, हनुवटी टेकवायला सांगितली. खरं सांगते, मी मोतीबिंदू शोधत होते. असू दे रे देवा म्हणत शोधत होते. एवढ्या वर्षांत कुणाच्या डोळ्यांत दुखणं निघावं म्हणून मी कधी प्रार्थना केली नव्हती.

वयाच्या मानाने जरासं गढूळलेलं, तेवढंच. बाकी आरस्पानी. अक्षरं खालच्या ओळीपर्यंत वाचली. रंगाची एक चाचणी असते, पुसट फरकाच्या रंगीत सोंगट्या क्रमाने लावायच्या. भलीभली तरुण मुलं चुकतात. बाईंनी त्या दोन मिनिटांत लावल्या, मग दोन सोंगट्यांच्या मध्ये नख ठेवून म्हणाल्या, “इथे एक रंग गाळलाय यांनी. कळव त्या कंपनीला.”

मी दिवा लावला आणि म्हणाले, “बाई, डोळे छान आहेत. पास.”

मला वाटलं, मुलावर बाजी मारल्याचं तोंड करतील. त्या खुर्चीतच बसून राहिल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

“मोतीबिंदू नाही?”

“नाही.”

“नीट बघितलंस?”

“दोनदा बघितलं.”

“मला वाटलं होतं असेल,” त्या म्हणाल्या. “असता तर बरं झालं असतं गं. काढून टाकला असता तुम्ही लोकांनी.”

मी स्टूल ओढून त्यांच्यापुढे बसले. बाहेर पुढचा पेशंट थांबला होता, थांबू दे म्हटलं.

“तो माणूस सोर्गम म्हणाला आणि मी रंग घोटायला घेतला,” बाई सांगायला लागल्या. “आणि मला आमची शाळू ज्वारी दिसली. पुरुषभर उंच, पांढऱ्या दाण्याची, खाली वाळत आलेलं पान. हात आपोआप तिकडे गेला. घोटला तो कडब्याचा रंग. इतका बरोबर उतरला होता, की मला वाटलं, किती वर्षांनी जमला! तो इथला नव्हे हे रानात उभी राहीपर्यंत डोक्यातच आलं नाही.” त्या थोड्या हसल्या. “वीस वर्षं झाली, आपलीच माती, आपलीच ज्वारी, म्हणून स्वतःची समजूत घालतेय. सर होते तोवर पटतही होतं.”

मी त्यांचा हात धरला.

“कागदावर काय ते खरं लिही,” बाई उठत म्हणाल्या. “मुलाला सांगायचंय मला, आई पास झाली. मेलबर्नला येत नाही.”

“म्हणजे इथेच राहणार!” मी म्हणाले.

“नाही गं,” बाई म्हणाल्या. “धाकटी बहीण आहे सांगोल्याला. तिच्याकडे जाते.”

मी कागदावर खरं तेच लिहिलं. नापास केलं असतं तरी त्या गेल्याच असत्या, मेलबर्नला. तरी अजून कधीकधी वाटतं, महिनाभर तो कागद दाबून ठेवला असता तर? एक महिना तर मिळाला असता.

मुलगा चिडला, मग रडला, मग तिकीट काढून द्यायला तयार झाला. जूनमध्ये, इकडच्या कडाक्याच्या थंडीत, बॅरीने आम्हाला ब्रिस्बेनच्या विमानतळावर सोडलं. बाईंनी रंगाचे सगळे डबे त्याला दिले होते. तो म्हणाला, मला त्यातलं काही जमायचं नाही. बाई म्हणाल्या, “यू जस्ट गो अँड सी द ग्रास फर्स्ट.” त्यांनी त्याच्या दंडावर थोपटलं, मला जवळ घेतलं, आणि वळून बघितलं नाही. वरच्या मजल्यावर आता भाड्याने एक जोडपं राहतं. चांगली माणसं आहेत, वर चालतात त्याचाही आवाज येत नाही. गॅरेज बंद असतं. शनिवारी सकाळी मला लवकर जाग येते आणि मी पडल्या पडल्या वाट बघते. कशाची, ते मला माहीत असतं.

बाईंचे फोन यायचे. पहिले दोन-तीन महिने नुसता आनंद. बहिणीच्या हातची भाकरी, अंगणातला लिंब, देवळातला काकडा. मग फोन आखूड होत गेले. शेताबद्दल विचारलं की विषय बदलायच्या. यंदाच्या मार्चमध्ये मी कामासाठी डाल्बीकडे निघाले होते, माझी दुपार आणि त्यांची सकाळ, तेव्हा व्हिडिओ कॉल आला. मी गाडी कडेला घेतली. बाई वाळल्यासारख्या दिसत होत्या.

“बाई, सुगी आली असेल ना तिकडे? ज्वारी दाखवा की.”

“कुठली ज्वारी,” त्या म्हणाल्या. “भाच्याने सगळं डाळिंब लावलंय. शेजाऱ्यांचंही तेच. पोरांचं बरोबर आहे, त्यात मिळकत आहे. मी मेली ज्वारी बघायला साता समुद्रापलीकडून आले.” त्यांनी फोन जरा लांब धरला, डाळिंबाच्या हिरव्या रांगा क्षणभर दिसल्या आणि पुन्हा त्यांचा चेहरा आला. “तू माझे डोळे पास केले होतेस ना गं?”

“हो, बाई.”

“मग आता त्यांना काय दाखवू, सांग.”

मी गाडीतून उतरले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी लाल झाली होती. मी फोन उलटा केला आणि त्या पिकासमोर धरला. वारा होता, कणसं हलत होती. कॉल तुटला की काय असं वाटून मी फोन वळवायला गेले.

“हलवू नकोस,” बाई म्हणाल्या. “असाच धर.”

हात भरून आला, तरी मी तो खाली केला नाही.